जुन्या बुलेटला पॉइंट ठेवावेत की किट बसवावं?

धरणगावच्या एका मित्राने यंदा वडिलांची बुलेट शेडमधून बाहेर काढली. टाकी धुतली, टायर-ट्यूब नवे टाकले आणि आता गाडी इग्निशनवर, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेवर, अडलीय. मिस्तरी म्हणतो, "भाऊ, इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट मिटेल." वडील म्हणतात, पॉइंटला, म्हणजे उघडमीट करून कॉइलकडून प्लगला ठिणगी पाठवणाऱ्या त्या जुन्या धातूच्या जोडीला, हात लावायचा नाही. मग त्याने मला विचारलं. माझ्या 1994 च्या 350 वर मी दोन्ही वापरलंय, अमळनेर-धुळे आणि अमळनेर-चोपडा रस्त्यांवर. त्यात जे दिसलं ते सांगतो. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर तोही खराच असणार.

आधी किटबद्दल, कारण वस्तू चांगली आहे. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमवर त्याची टाच घासून झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे जातं. गाडी बंद पडत नाही, पण ओढ जाते आणि इंजिन जास्त तापतं. हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. किटमध्ये घासायला काहीच नाही. कॅमच्या जागी चुंबक, पॉइंटच्या जागी ते चुंबक ओळखणारा पिकअप, आणि पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर रद्द. मी किट बसवलं आणि पहिलं वर्षभर त्यावरचं टोपण उघडलंच नाही. थंडीत पहाटे गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला लागायची, आयडलिंग एका लयीत, आणि किक उलटी मारणं जवळजवळ थांबलं. ज्याचा गुडघा एकदा त्या उलट्या किकने सुजलाय, त्याला हे किती मोठं सुख आहे ते सांगावं लागत नाही. गॅरेजमध्ये सगळे या किटला सीडीआय म्हणतात. बुलेटसाठी मिळणारी बरीचशी किट ट्रान्झिस्टरवर चालतात, पण नावाने काही बिघडत नाही.

पॉइंटला मात्र हात लावत राहावं लागतं. मी दीड-दोन हजार किलोमीटरला टोपण काढतो. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटरमध्ये आणतो आणि कॅमवर ग्रीसचा अगदी ठिपका लावतो. ठिपका मोठा झाला की ग्रीस उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिस करायला लागते. पॉलिश पेपरने घासू नका, त्याची कच पॉइंटमध्ये अडकते. बारीक कानशीचे दोन हात मारा आणि मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कोरा कागद मधून ओढा. कागदावर काळी रेघ येते. ती येईनाशी झाली की काम झालं. काळ्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला हे जरा लवकर करावं लागतं. हे सगळं वीस मिनिटांचं काम आहे, पण ते तुम्हालाच करावं लागतं, आणि ज्याला त्याची आवड नाही त्याला ते जाचक वाटणार.

इथपर्यंत किटचंच पारडं जड आहे, आणि मलाही दीड वर्ष तसंच वाटत होतं.

नंतरच्या मे महिन्यात तोरणमाळला निघालो होतो. दोंडाईचा सोडलं, सारंगखेड्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. झटका नाही, फटका नाही, दिवा विझावा तशी. प्लगला करंट पाहिला, नाही. प्लग बदलला, तरी नाही. शेताच्या बांधावर निंबाखाली बसलेले एक बाबा उठून आले. "काय व्हयनं भाऊ?" म्हणाले आणि माठातलं पाणी दिलं. अर्ध्या तासाने सहज किक मारली तर गाडी सुरू. शहाद्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो.

पुढचे सहा आठवडे हेच चाललं. तीस-चाळीस किलोमीटर व्यवस्थित, मग बंद, थंड झाली की सुरू. सकाळी गॅरेजला न्यावी तर अगदी ठणठणीत. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण उघडं ठेवून चालवली. कॉइल बदलली. वायरिंग हलवून पाहिलं, अर्थिंगचा नट खरवडून घट्ट केला. मिस्तरीने दोनदा कार्ब्युरेटर खोलला. शेवटी मी ओला रुमाल सोबत ठेवायला लागलो. गाडी बंद पडली की लगेच रुमाल पिळून आधी कॉइलवर ठेवला, फरक नाही. मग टोपण काढून पिकअपच्या घरावर बाहेरून गुंडाळला, आणि चारेक मिनिटांत करंट आला. एकदा जमलं म्हणून विश्वास ठेवला नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच झालं. 45 अंशांच्या उन्हात, सिलिंडरच्या मागे, त्या इलेक्ट्रॉनिक्सला उष्णता सोसत नव्हती.

आता कोणी म्हणेल, गरम झाल्यावर कंडेन्सरही दगा देतो. देतोच. गाडी तापल्यावर फटफट करते, ओढत नाही, टोपण उघडून चालत्या इंजिनवर पाहिलं तर पॉइंटवर मोठ्या निळ्या-पिवळ्या ठिणग्या दिसतात. पण तो असा दिसतो, आणि बहुतेक वेळा पूर्ण मरायच्या आधी कुरकुर करतो. बंद पडला तरी चिल्लर किमतीचा दुसरा कंडेन्सर खिशात असतो, एक स्क्रू काढला की बदलून होतो. किट सांगत नाही. ते आहे किंवा नाही, मधलं काही नसतं, आणि रस्त्यावर ते तपासायचं खात्रीचं साधन एकच आहे: दुसरं किट. तालुक्याच्या गावात ते सहसा शेल्फवर नसतं, कुरिअरने मागवावं लागतं. सहा आठवडे मी ज्या वस्तू बदलल्या किंवा खोलल्या त्यांतली एकही खराब नव्हती, आणि जी खराब होती तिच्या जागी लावून पाहायला दुसरं किट नव्हतं. माझा निर्णय इथे झाला.

याला जोडून अँपिअर मीटरचा काटा. बाकीचे याला किरकोळ समजतील, मी नाही समजत. पॉइंटच्या गाडीत चावी दिली, किक हळू हळू दाबली की पॉइंट मिटल्यावर काटा डावीकडे पडतो आणि कॉम्प्रेशनच्या टोकाशी पॉइंट उघडताच झटकन मध्यावर येतो. तिथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन टोकापलीकडे थोडा सरकवायचा, मग पूर्ण किक. हाच काटा बिघाडही दाखवतो. किक कुठेही असली तरी काटा पडतच नाही, तर पॉइंटवर घाण आहे किंवा कॉइलची वायर सुटलीय. काटा पडलेलाच राहतो, उठत नाही, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. अवजाराशिवाय, अंधारातसुद्धा, अर्धं निदान होऊन जातं. माझ्या किटमध्ये इंजिन फिरल्याशिवाय कॉइलला करंटच जायचा नाही, त्यामुळे काटा मधोमध उभा. काही किटमध्ये तसं नसतं म्हणतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला हे एक जरूर विचारा.

बॅटरीचाही मुद्दा आहे. जुन्या बुलेटचं चार्जिंग कमजोर असतं आणि बसलेल्या बॅटरीवर पॉइंट कसाबसा तरी करंट देतो. माझं किट तेवढ्या बॅटरीवर रुसायचं. हे मी मोजून सांगत नाही, जुलैमध्ये लाइट लावून दोन तास चालवल्यानंतरच्या तीन-चार सकाळींवरून सांगतोय.

मग किट कोणी बसवावं? जळगाव-भुसावळात घर ते ऑफिस चालवणाऱ्याने, ज्याच्या हाकेच्या अंतरावर ते किट ठेवणारं दुकान आहे, किंवा ज्याला किक मारणं जड जातं. बसवलं तरी जुना पॉइंट, प्लेट आणि कंडेन्सर कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. माझ्या डिकीत ते होते म्हणून शेवटी परतीची वाट होती.

पॉइंट ठेवणार असाल तर कंडेन्सर पॉइंटच्या त्या तापलेल्या डब्यात ठेवू नका. डब्यातला जुना काढून टाका आणि चांगल्या मेकचा, 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपासचा, टाकीखाली फ्रेमला बसवा. बसवायच्या जागी रंग खरवडून लख्ख लोखंड दिसू द्या, नाहीतर अर्थ मिळत नाही. त्याची वायर पॉइंटला जाणाऱ्या कॉइलच्या टोकाला जोडा. माझा असा बसवलेला कंडेन्सर चौथा उन्हाळा काढतोय. स्पेअर दोन घ्या आणि दोन्ही एक-एक आठवडा गाडीवर चालवून मग डिकीत टाका. हल्ली पॅकिंगमधून काढलेला कोरा कंडेन्सरही कधी कधी मेलेला निघतो.

रविवारी धरणगावला मित्राच्या गाडीचं टोपण उघडलं. पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा, म्हणजे कंडेन्सर कधीचा थकलेला. कानस मारली, कागद ओढला, माझ्याकडचा कंडेन्सर तात्पुरता वायरने बाहेर लटकवला. त्याचे वडील ओट्यावरून उठून आले, चावी दिली, हाताने किक दाबत काटा पाहिला आणि मुलाला म्हणाले, "आता मार." मित्राने अजून काही ठरवलेलं नाही, पण किटची ऑर्डर त्याने थांबवलीय.