पेपर बंद करून ऑनलाइन घ्यावा का?

बातमी उघडावी, दोन परिच्छेद वाचावेत आणि तिसऱ्याच्या जागी कुलूप दिसावं, हे आता मराठी वाचकालाही नवं राहिलेलं नाही. ‘लोकसत्ता’च्या संकेतस्थळावर काही लेखांवर ‘प्रीमियम’चा शिक्का असतो, ‘सकाळ’नं ‘सकाळ प्लस’ काढलं, आणि ई-पेपर म्हटलं की आधी लॉगिन, मग वर्गणी, हे बऱ्याच ठिकाणी ठरून गेलंय. पुण्यातल्या माझ्या मावसभावानं परवा विचारलं, ‘घरचा पेपर बंद करतो आणि ऑनलाइनच घेतो, काय म्हणतोस?’ मूळचे आम्ही दोघं कराडचे. मी ठाण्यात राहतो आणि गेली काही वर्षं हे सगळे प्रकार पैसे देऊन आणि न देऊन करून बसलोय.

पहिला घोटाळा ‘ऑनलाइन’ या शब्दातच आहे. त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ई-पेपर म्हणजे छापलेल्या पानांची हुबेहूब प्रत. त्यात निधन वार्ता आली, निविदा आल्या, छोट्या जाहिराती आल्या, शब्दकोडंही आलं. प्रीमियम म्हणजे संकेतस्थळावरचे निवडक लेख: विश्लेषण, स्तंभ, गुंतवणुकीचे सल्ले, करिअर. कुणी दोन्ही एकत्र देतं, कुणी वेगवेगळं. एक समजून दुसरं घेतलं की मग ‘यात आमच्या तालुक्याचं काहीच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

गावाकडची खबर हवी असेल तर उत्तर ई-पेपर, यात मला शंका नाही. ठाण्याच्या स्टॉलवर कराडचं पान मिळत नाही. ई-पेपरमध्ये आवृत्ती बदलली की मिळतं. आणि त्या पानावर जे असतं ते संकेतस्थळावर फारसं चढतच नाही. जमिनीच्या व्यवहाराआधी वकील ‘हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे’ म्हणून जाहीर नोटीस देतात, ती घ्या. गावी सामाईक सातबारा असलेल्या आणि स्वतः मुंबई-पुण्यात राहणाऱ्या माणसासाठी ती चार ओळींची चौकट कुठल्याही अग्रलेखापेक्षा महत्त्वाची. आमच्या जमिनीला लागून असलेल्या गटाची अशी नोटीस मला ई-पेपरमध्ये दिसली, आणि वडिलांना मी फोन केला तेव्हा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्याकडे दुसरा पेपर येतो. निधन वार्तेचंही तसंच. दहाव्याची तारीख त्यात असते.

आणखी एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लांबच्या तालुक्यांसाठी छापली जाणारी डाक आवृत्ती लवकर छपाईला जाते, त्यामुळे रात्रीच्या सामन्याचा निकाल किंवा उशिरा फुटलेली बातमी तिथल्या वाचकाला एक दिवस शिळी मिळते. ई-पेपरवर त्याला शहराची आवृत्तीही उघडता येते.

आता त्याची दुसरी बाजू. मोबाइलवर ई-पेपर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून वाडा बघणं. बोटांनी पान मोठं करा, सरकवा, पुन्हा लहान करा. साठीपुढच्या माणसाला टॅबलेटशिवाय तो देऊच नये. बरेचदा पान हे निव्वळ चित्र असतं, त्यामुळे शोध चालत नाही आणि अंध वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. मजकूर उचलता आला तरी, पान जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये लावलेलं असेल तर पेस्ट केल्यावर भलतीच अक्षरं उमटतात. या तिन्ही बाबतींत प्रीमियम सरस आहे: साधा युनिकोड मजकूर, म्हणजे कुठंही पेस्ट केला तरी तसाच उमटणारा, आणि अक्षर हवं तेवढं मोठं.

मग प्रीमियम कुणी घ्यावं? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी, आणि एखाद्या स्तंभलेखकाला आठवड्याला न चुकता वाचणाऱ्यांनी. माझी तक्रार वेगळीच आहे. मतं आणि विश्लेषणं इतरत्रही ढिगानं मिळतात. जिल्हा परिषदेच्या सभेत काय झालं हे मात्र तिथं जाऊन बसलेला वार्ताहरच सांगू शकतो. तरी ‘खास’ म्हणून कुलपात ठेवलं जातं ते पहिलं. दुसऱ्याला संकेतस्थळावर धड जागाही नसते. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याच ठिकाणी बातमीसोबत जाहिरातही गोळा करतो, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर महिना निघतो. ज्याची पानभर जाहिरात, त्याच्याविरुद्धची बातमी कुठल्या पानावर येणार? वाचकाच्या वर्गणीनं हे बदलेल असं म्हणतात. बदलावं, पण वर्गणीतलं काही त्या वार्ताहरापर्यंत पोचलं तर.

खर्चाचं बघू. रोजचा अंक ५ रुपये धरला तर वर्षाचे १८०० च्या आसपास होतात. डिजिटल वर्गणी साधारणपणे याच्या बरीच खाली असते, शिवाय सणासुदीला सवलती निघतात. गंमत अशी की छापील अंकावर जीएसटी नाही आणि डिजिटल वर्गणीवर १८ टक्के आहे. जाहिरातीतल्या किमतीत तो धरलाय का, ते पैसे भरण्याआधी पाहा. छापील अंकाच्या हिशेबातून रद्दीचे पैसेही वजा करायला हवेत. कपाटात अंथरायला आणि दिवाळीत काचा पुसायला कागद लागतो तो वेगळाच. बक्षीस योजनेची कुपनं कापून चिकटवणारं कुणी घरात असेल तर विषयच संपला. आणि एक अंक घरातली पाचही माणसं वाचतात, वर वॉचमनही चाळतो. एक लॉगिन किती फोनवर चालतं हे मात्र विचारून घ्यावं लागतं.

विचारून घेण्यासारखं आणखी बरंच आहे. मागचे किती दिवसांचे अंक उघडतात? पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर किंमत किती? रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप वर्गणी कापण्याआधी निदान २४ तास तशी सूचना यावी लागते. तो संदेश वाचत चला. एका दैनिकाची वर्गणी थांबवायला मला तीन ई-मेल करावे लागले होते. घेताना मात्र दोन बटणं पुरली होती. परदेशातल्या मंडळींपुढे छापील अंकाचा प्रश्नच नसतो, पण तिथलं कार्ड चालतं का ते त्यांनी आधी तपासावं.

राहता राहिला फुकटचा मार्ग. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, मुंबईत पेपर घरी येईना, आणि प्रत्येक ग्रुपवर सकाळी सहाला पीडीएफ पडू लागली. तेव्हापासून ती सवय काही गेलेली नाही. वृत्तपत्रांच्या इंडियन न्यूजपेपर सोसायटी या संस्थेनं त्याच काळात हे बेकायदा असल्याचं बजावलं होतं. ‘दैनिक जागरण’चे अंक टेलिग्रामच्या चॅनेलांवर टाकले जात होते, त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये ते चॅनेल हटवायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायलाही सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी अशा ग्रुपवर खोटी कात्रणं फिरतात, आणि हवी ती आवृत्ती हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. सरळ मार्गानं फुकट वाचायचं तर गावोगावची सार्वजनिक वाचनालयं आहेत. सकाळी पंख्याखालची जागा मिळाली तर पाच पेपर तासाभरात होतात. नुसत्या ठळक घडामोडी हव्या असतील तर आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या पुरे. त्यासाठी वर्गणी भरू नका.

मावसभावाला मी सांगितलं ते एवढंच: कराडच्या आवृत्तीचा ई-पेपर घे, पण आधी एकाच महिन्याचा, टॅबलेटवर वाचून बघ, जमलं तर मग वर्षाचा. प्रीमियमचा विचार पुतणी एमपीएससीला बसेल तेव्हा. आणि घरचा पेपर बंद करू नकोस. मावशी शब्दकोडं पेनानंच सोडवते.