५० पैशांचं पोस्टकार्ड आणि घरची दिवाळी ग्रीटिंग: वापरून बघितलेलं सांगते

रिव्ह्यू मोबाइलचा नाहीतर मिक्सरचाच लिहायचा असं कुठंय, मी पोस्टकार्डाचा लिहितेय. तेच आपलं पिवळसर, ५० पैसेवालं. १८७९ पासून मार्केटमधे आहे, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. मी मात्र २०२० च्या दिवाळीत पहिल्यांदा धडपणे वापरलं.

त्या वर्षी लॉकडाऊनमधे नवऱ्याचा पगार निम्म्यावर आलेला, माझ्या शिकवण्या बंद, आणि आमच्याकडनं सासऱ्यांच्या काळापासून दिवाळीला साठेक ग्रीटिंग जातात ते काही मोडवेना. दुकानातलं बरं कार्ड ३०-४० रुपयांच्या खाली नाही, वर ५ रुपयांचं तिकीट, म्हणजे दोन-अडीच हजार झाले की, तेवढ्यात आमच्या फराळाचा किराणा येतो. म्हटलं घरीच करू. आधी कार्डशीट आणलं, ३०० जीएसएमचा ए-४ मधोमध दुमडला, लेकीनं वारली काढली, झकास दिसत होतं, आणि किचनच्या काट्यावर ठेवलं तर १९ ग्रॅम! पाकिटात घातलं की २० च्या वर, म्हणजे ५ च्या जागी १० चं तिकीट, आणि कमी लावलं तर नॉटपेड, मग समोरच्यानं दुप्पट दंड भरून आमच्या शुभेच्छा सोडवून घ्यायच्या. सासरे पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, साधं कार्ड टाक की." ६० कार्डांचे ३० रुपये, तिकीट त्यातच छापलेलं, पाकीट नको, डिंक नको.

आता प्रॉडक्टबद्दल. साइज १४ बाय ९ सेंटीमीटर, मागची बाजू अख्खी कोरी आणि पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भागही आपलाच. पण हा चित्रकलेचा कागद नाही हे डोक्यात ठेवा. वॉटरकलर लावला की पापडासारखा वळतो, माझी पहिली सात कार्डं त्यातच गेली (साडेतीन रुपये, जाऊ दे). चाललं ते भेंडीचं ठसेकाम. जून भेंडी आडवी कापायची, तासभर वाळू द्यायची नाहीतर चिकट पाणी सुटतं, मग जाडसर पोस्टर कलरमधे टेकवून हलकेच दाबायची, पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. आकाशकंदील बटाट्याचा. कोजागरीच्या रात्री सगळे गच्चीत बसलो होतो, मसाला दूध एकीकडे, कार्डं वाळत घातलेली दुसरीकडे, वारा आला की पळापळ. पत्ते बॉलपेननंच लिहा, जेल पेन फिसकटतं. टिकल्या-कुंदनच्या भानगडीत तर पडूच नका, वर शिक्का बसायचाय.

प्रायव्हसी शून्य. मावशीच्या सोसायटीतल्या वॉचमननं कार्ड हातात द्यायच्या आधीच सांगितलं, पुण्याच्या चकल्या मऊ पडल्यात म्हणून. पण मला यातच मजा आली, कारण जागा चार ओळींची, तयार छापील कविता नाही, मग प्रत्येकाला काहीतरी त्याचंच लिहावं लागतं. वन्संना चकलीचं, मामांना त्यांच्या जुन्या लँब्रेटाचं, एका मैत्रिणीची नोकरी गेली होती तिला काय लिहावं सुचेना, शेवटी ठिपक्यांची रांगोळी काढून खाली नुसतं नाव लिहिलं. तिचा सगळ्यात आधी फोन आला.

पिनकोड विसरू नका. तो १९७२ ला सुरू केला तो आपल्या कोकणातल्या माणसानं, वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारे, हे मलाही सासऱ्यांनीच पत्ते लिहिताना सांगितलं. आणि दहा-बारा दिवस आधी टाका. मी पाचसहा कार्डं धनत्रयोदशीला टाकली, ती तुळशीच्या लग्नाला पोचली, चूक माझीच.

पाचपैकी चार स्टार, एक कागदाच्या जाडीचा कापला. पगार नंतर पूर्ववत झाला, तरी दुकानातलं कार्ड काही परत आणलं नाही, लेक आणू देत नाही. फक्त छापून झालेल्या भेंडीची भाजी होत नाही, हे नवऱ्याला दर वर्षी सांगावं लागतं.