सरोवरकाठच्या वस्तीची माणसे मोजताना: अमेरिकी जनगणना माहितीसेवेचे परीक्षण

नेवाडा राज्यात, ताहो सरोवराच्या उत्तर काठावर, कॅलिफोर्नियाच्या सीमेला लागून क्रिस्टल बे ही लहानशी वस्ती आहे. तिला स्वतःची नगरपालिका नाही. कारभार वॉशो काउंटी पाहते. अशा गावात नेमकी किती माणसे राहतात, हे शोधू लागल्यावर अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची विनामूल्य माहितीसेवा किती मोलाची आहे हे कळते, आणि ती किती जपून वाचावी लागते हेही.

ज्या वस्तीला कायदेशीर हद्द नाही, तिच्यासाठी ब्युरो स्थानिक अधिकाऱ्यांच्या मदतीने केवळ गणनेपुरती हद्द आखतो. अशा क्षेत्राला ‘सेन्सस डेसिग्नेटेड प्लेस’ म्हणतात. २००० च्या जनगणनेपासून त्यासाठी किमान लोकसंख्येची अट उरली नाही, म्हणून अगदी छोट्या वस्त्यांचेही आकडे मिळतात. ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू मला वाटते. मात्र ही हद्द दर दशकात बदलू शकते. २००० मध्ये क्रिस्टल बे आणि शेजारचे इन्क्लाइन व्हिलेज यांची गणना एकत्र झाली होती व लोकसंख्या ९,९५२ भरली होती. २०१० मध्ये ती दोन स्वतंत्र क्षेत्रे झाली आणि इन्क्लाइन व्हिलेजची ८,७७७, तर क्रिस्टल बेची ३०५ अशी नोंद झाली. ९,९५२ च्या शेजारी ८,७७७ ठेवणारा वाचक सरळ चुकतो, कारण दोन्ही आकडे एकाच भूभागाचे नाहीत. आकड्याआधी नकाशा उघडावा, हा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घरांच्या तक्त्यात दडलेली असते. जनगणनेत माणूस जिथे बहुतांश काळ राहतो व झोपतो तिथला धरला जातो, त्यामुळे सुट्टीपुरते सरोवरकाठी येणारे कुटुंब तिथल्या लोकसंख्येत येत नाही. त्याचे घर मात्र मोजले जाते, आणि तेही रिकाम्या घरांत, ‘हंगामी, विरंगुळ्याच्या किंवा प्रासंगिक वापराचे’ या सदरात. रिकामे म्हणजे ओसाड असा अर्थ घेतला, तर भरल्या हंगामातल्या गावाचे चित्र पार उलटे होते. सरोवरकाठच्या कोणत्याही वस्तीबद्दल लिहिताना लोकसंख्येसोबत हे सदर दिलेच पाहिजे. एकट्या लोकसंख्येवरून रस्ते, सांडपाणी आणि सरोवरावर पडणारा भार यांचा अंदाज येत नाही.

उत्पन्न, वय, शिक्षण यांसाठी ब्युरोचे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ हे काही निवडक घरांवर आधारलेले नमुना-सर्वेक्षण आहे. ६५,००० हून कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी त्यात पाच वर्षांची एकत्रित अनुमाने मिळतात. प्रत्येक अनुमानाशेजारी त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते, छापलेली असते, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. काहीशे लोकांच्या गावात ती मर्यादा मूळ आकड्याइतकी मोठीही असू शकते.

भूगोलाच्या बाबतीत सेवा तोकडी आहे. सरोवराची खोली किंवा गावाची उंची इथे शोधू नये. गॅझेटियर, म्हणजे ठिकाणांची सूची, हिच्या स्वतंत्र फायलींत मात्र प्रत्येक क्षेत्राचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीचे व पाण्याचे क्षेत्रफळ वेगवेगळे दिलेले असते. आखलेली हद्द कधी सरोवराच्या आतपर्यंत जाते, म्हणून लोकसंख्येची घनता काढताना भागाकार जमिनीच्या क्षेत्रफळानेच करावा.