सायप्रेस 2 : यंत्र चोख आहे, प्रश्न आपल्या सवयींचा आहे

स्कायडायव्हरच्या पाठीवरील रिगमध्ये, म्हणजे पॅराशूटच्या संचात, रिझर्व्ह (राखीव) छत्रीजवळ बसवलेले आणि वेळ आलीच तर आपल्याऐवजी ती छत्री उघडणारे यंत्र म्हणजे ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस, आणि जर्मनीतील एअरटेक कंपनीचे ‘सायप्रेस’ हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. कोल्हापुरात राहून सुट्ट्यांमध्ये स्कायडायव्हिंग करणाऱ्या आमच्या छोट्या गटात जवळजवळ प्रत्येकाच्या रिगमध्ये ते आहे. मी स्वतः ते अनेक हंगाम वापरत आलो आहे आणि पहिली रिग घेणारी मुले त्याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. त्यातील बराचसा भाग मात्र नवशिक्यांसाठी नसून, ज्यांच्या लॉगबुकात शेकड्यांनी उड्या आहेत त्यांच्यासाठी आहे, कारण हे यंत्र ज्या पद्धतीने त्यांच्या हिशेबात शिरते ती पद्धत मला काळजीची वाटते.

हेल्मुट क्लोट या जर्मन अभियंत्याने हे यंत्र घडवले आणि 1991 मध्ये ते बाजारात आले. 1986 मध्ये त्यांच्या एका मित्राचा उडीत मृत्यू झाला होता आणि या कामाची सुरुवात तिथून झाली. त्याआधीही अशी यंत्रे होती, पण ती नको तेव्हा उघडतात अशी त्यांची ख्याती असल्यामुळे अनुभवी लोक ती विद्यार्थ्यांसाठी ठेवत आणि स्वतः वापरत नसत. सायप्रेसने हा समज मोडला. त्याचे काम मोजक्या शब्दांत सांगता येते: ते हवेचा दाब मोजते, त्यावरून उंची आणि खाली येण्याचा वेग काढते, आणि ‘एक्स्पर्ट’ प्रकारात जमिनीपासून सुमारे 225 मीटरवर, म्हणजे 750 फुटांवर, आपण अजूनही सेकंदाला 35 मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असू तर रिझर्व्हचा कंटेनर बंद ठेवणारी दोरी एका छोट्या कटरने कापते. दोरी तुटली की स्प्रिंग असलेली पायलट छत्री बाहेर उडते आणि रिझर्व्ह खेचली जाते. हात जागेवर नसोत, शुद्ध हरपलेली असो किंवा उंचीचे भान सुटलेले असो, एवढे काम ते करते.

वापरातील बारकावे विचारपूर्वक ठरवलेले आहेत. यंत्र सुरू करण्यासाठी त्याच्या छोट्या पॅनेलवरील बटण चार वेळा दाबावे लागते, आणि पहिल्या दाबण्यानंतर प्रत्येक वेळी लाल दिवा लुकलुकल्यावर लगेचच दाबावे लागते. जरा उशीर झाला तर यंत्र ते दाबणे मोजतच नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बॅगेत घासून किंवा कोणाचे बोट लागून ते चुकून सुरू किंवा बंद होऊ नये म्हणून ही रचना आहे. त्यानंतर पडद्यावर दहापासून शून्यापर्यंत आकडे उतरत जातात. या काळात यंत्र स्वतःची तपासणी करते आणि आपण जिथे उभे आहोत त्या जमिनीची उंची शून्य म्हणून नोंदवते. चौदा तासांनी ते आपोआप बंद होते. बॅटरी आपल्याला बदलावी लागत नाही. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात जाते, वर आयात शुल्क वेगळे, आणि तरीही पहिल्या रिगच्या खर्चात काटकसर करायची असेल तर ती कॅनोपीच्या (छत्रीच्या कापडाच्या) रंगात, सूटमध्ये, कॅमेऱ्यात करावी, इथे करू नये असेच मी सांगेन.

कोल्हापूरकरांनी जमिनीच्या नोंदीचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण उड्या मारायला थायलंड किंवा दुबईसारख्या, समुद्राच्या पातळीलगतच्या ठिकाणी जातात. घरी कौतुकाने सुरू केलेले यंत्र तसेच सुरू ठेवून तिथे उडी मारली, तर सरळ हिशेबाने ते 225 मीटरऐवजी पावणेआठशे मीटरवर, म्हणजे अडीच हजार फुटांच्या आसपास कापायला तयार असेल, आणि नेमक्या त्याच उंचीवर अनुभवी माणूस आपली मुख्य छत्री उघडत असतो. उलट दिशेने चूक झाली, म्हणजे किनाऱ्यावर सुरू करून पठारावरील मैदानात उडी मारली, तर यंत्राच्या लेखी कापण्याची उंची जमिनीच्या खाली जाते आणि ते कधीच कापणार नाही. हवामानामुळे दाबात होणारे सावकाश बदल यंत्र स्वतः सामावून घेते, पण प्रवासाची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणूनच पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की यंत्र ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, जमिनीवरच सुरू करावे, विमानात कधीही करू नये, आणि मध्येच मैदान सोडून बाहेर गेलात तर परत आल्यावर बंद करून पुन्हा सुरू करावे. जेवायला बाहेर जाऊन आल्यावर हे करणारे अनुभवी लोक मी फार थोडे पाहिले आहेत. पहिल्या पन्नास उड्यांतील मुले मात्र न चुकता करतात.

यंत्र काय करत नाही, ते आता पाहू. ते मुख्य छत्री तोडून वेगळी करत नाही. ते काम आपल्या उजव्या हाताकडील कटअवे हँडलचे. मुख्य छत्री अर्धवट उघडून माणूस गोल फिरत खाली येत असेल आणि वेग सेकंदाला 35 मीटरच्या खाली असेल, तर यंत्र शांत राहील. छत्री अगदी नीट उघडली आणि जमिनीजवळ, उतरताना, कोणी वेगासाठी खोल वळण घेतले तर यंत्र त्यातून वाचवू शकत नाही, आणि गेल्या काही दशकांत अनुभवी स्कायडायव्हर दगावण्याचे हेच एक मोठे कारण झाले आहे: पूर्ण उघडलेल्या, निर्दोष, लहान आणि वेगवान कॅनोपीखाली. सायप्रेस आल्यानंतर छत्री न उघडल्याने होणारे मृत्यू कमी झाले आणि उतरतानाच्या मृत्यूंचा वाटा वाढला. थ्री-रिंग कटअवे, म्हणजे मुख्य छत्री झटकन सोडवणारी तीन कड्यांची रचना, शोधून काढणारे बिल बूथ यांचा याविषयीचा नियम या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे: साधने जितकी सुरक्षित होतील तितकी माणसे जास्त जोखीम घेतील आणि मृत्यूचे प्रमाण होते तिथेच राहील. एकूण प्रमाणाच्या बाबतीत बूथ पूर्णपणे खरे ठरले नाहीत, हे आनंदाने नमूद करतो. अमेरिकेत 2023 मध्ये सुमारे 36.5 लाख उड्यांमध्ये 10 मृत्यू झाले आणि 1970 च्या दशकाच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे. परंतु माणसाच्या वागण्याबद्दल त्यांनी जे म्हटले ते मला प्रत्येक हंगामात डोळ्यांसमोर दिसते.

ते असे दिसते. अनुभवी माणूस आपल्या बेतामध्ये यंत्राला धरू लागतो. पूर्वी तीन हजार फुटांवर छत्री उघडायला हात मागे नेणारा आता मित्रांसोबत हवेत धरलेली रचना आणखी क्षणभर टिकावी म्हणून अडीच हजारांपर्यंत थांबतो, मग त्याच्याही खाली. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेने 2013 मध्ये अनुभवी परवानाधारकांसाठी छत्री उघडण्याची किमान उंची 2,000 वरून 2,500 फूट केली. मुख्य छत्री आणि यंत्राची उंची यांच्यात पुरेसे अंतर राहावे हा त्यामागील विचार होता. आजच्या कॅनोपी मुद्दाम सावकाश उघडतात आणि त्यात आठशे-हजार फूट सहज जातात. उशिरा खेचणाऱ्याच्या बाबतीत मुख्य छत्री फुलत असतानाच यंत्राने दोरी कापली तर दोन्ही छत्र्या एकदम बाहेर येतात. त्या एकामागे एक किंवा शेजारी शेजारी राहिल्या तर जपून उतरता येते, पण एकमेकींपासून दूर जाऊन दोन्ही तोंडे जमिनीकडे वळली तर फार कमी वेळ उरतो. त्याच्या उलट टोकाचा हिशेबही करून पाहावा. पोटावर पडणारा माणूस सेकंदाला साधारण 55 मीटरने खाली येतो, म्हणजे 225 मीटर संपायला चार सेकंद. रिझर्व्ह उघडायला लागणारा वेळ त्यातूनच जायचा आहे. नव्या यंत्रांत कापण्याची उंची वापरणाऱ्याला वाढवून ठेवता येते, आणि तीन हजार फुटांच्या आसपास छत्री उघडणाऱ्या प्रत्येकाने ती सोय जरूर वापरावी. फक्त ती वाढवली आहे हे लक्षात ठेवून आपली उघडण्याची उंचीही त्यानुसार वर न्यावी.

दुसरी गोष्ट एकमेकांची रिग तपासण्याची. विमानात चढण्यापूर्वी आणि दार उघडण्याआधी पुन्हा एकदा, सोबत्याने पाठीमागचे झाकण उचलून पाहायचे असते: रिझर्व्हचा कंटेनर बंद ठेवणारी पिन पूर्ण आत आहे का, केबल मोकळी आहे का, यंत्राच्या पडद्यावर शून्य दिसते का, मुख्य छत्रीची पिन वाकलेली नाही ना. पुढून छातीचा पट्टा नुसता ओवलेला आहे की टोक मागे वळवून अडकवलेले आहे, मांड्यांचे पट्टे पिळलेले नाहीत ना, तिन्ही कड्या क्रमाने एकमेकींत बसल्या आहेत का, दोन्ही हँडल जागेवर आहेत का. हे सगळे मिळून अर्धे मिनिट लागते. आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्याकडे गेल्या हंगामात एक नवा मुलगा गेला आणि म्हणाला, “अण्णा, पिन बघू का?” बाजूचा एक जण हसून म्हणाला, “अण्णांची पिन तू काय बघणार?” अण्णा मात्र काही न बोलता वळले, पाठ करून उभे राहिले आणि त्याचे बघून होईपर्यंत हलले नाहीत, नंतर “आता तू वळ” म्हणून त्यांनी त्याची पिन पाहिली. ज्येष्ठ माणूस असा उभा राहिला की बाकीच्यांना नको म्हणायला जागा राहत नाही. गटात सवय टिकवण्याचे याहून परिणामकारक साधन मला माहीत नाही.

गगनबावड्याच्या घाटात आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणारा चालक बहुधा रोज त्या रस्त्याने जाणाराच असतो, आणि आपल्या खेळातही नेमके तेच होते: हजार वेळा काही झाले नाही याची नोंद मनात ‘मी बरोबर करतो आहे’ अशी होते. 2 एप्रिल 1988 रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये आयव्हन मॅग्वायर हे आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेले छायाचित्रकार एका प्रशिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे चित्रण करण्यासाठी विमानाबाहेर पडले, आणि त्यांच्या पाठीवर पॅराशूट नव्हते. चित्रणाचे साहित्य अंगावर होते, लक्ष चित्रणाकडे होते. विमानात चढताना कोणी एकाने त्यांची पिन पाहायला मागितली असती तर पिनच नाही हे कळले असते. पॅट्रिक द गेयार्दों हे आधुनिक विंगसूटच्या (हातापायांमध्ये पंखासारखे कापड असलेल्या सूटच्या) प्रणेत्यांपैकी एक. 13 एप्रिल 1998 रोजी हवाईमध्ये ते गेले ते स्वतःच्या रिगमध्ये स्वतः केलेल्या बदलातील शिवणीच्या चुकीमुळे. या दोघांच्या कौशल्याबद्दल कोणाला शंका नव्हती, आणि बाजारातील कोणतेही यंत्र अशा प्रसंगी आधी इशारा देत नाही.

आपल्याकडच्या लोकांना लागू पडणारा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शीतल महाजन यांच्यामुळे महाराष्ट्रात स्कायडायव्हिंग घरोघरी माहीत झाले, तरी कोल्हापूरच्या माणसाला वर्षभर सहज जाता येईल असा ड्रॉप झोन जवळ नाही. आपण वर्षातून एखाद-दुसरा आठवडा जातो, त्यात दिवसाला सात-आठ उड्या मारतो, आणि पुढचे कित्येक महिने दुकान, शेती, दवाखाना, कारखाना. लॉगबुकातील आकडा वाढत जातो, पण हाताला कटअवे हँडलची जागा आठवेल की नाही हे त्या आकड्यावर अवलंबून नसते. अमेरिकी नियमावलीत ए (म्हणजे पहिल्या पायरीच्या) परवानाधारकाने साठ दिवस, बी परवानाधारकाने नव्वद दिवस आणि सी व डी परवानाधारकांनी सहा महिने उडी मारली नसेल तर उजळणी करायला सांगितले आहे. आपल्या गटातील बहुतेक जण दरवर्षी ही मर्यादा ओलांडतात. तरी ड्रॉप झोनवर पोहोचल्यावर उजळणीसाठी हार्नेसमध्ये लटकून आपत्कालीन कृतींचा सराव करायला सांगितले की चेहरे पडतात, कारण शेजारी विद्यार्थी बसलेले असतात. पहिल्या दिवशी साधी एकट्याची उडी, नेहमीपेक्षा वर उघडलेली छत्री आणि शांतपणे केलेले लँडिंग, एवढे मागणाऱ्या माणसाला गटात कमी लेखण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. आम्ही काही जण आता निघण्याच्या आधीच्या रविवारी राजारामपुरीत एकाच्या गच्चीवर रिग चढवून हाच सराव करतो: “पाहा, पकडा, ओढा” असे मोठ्याने म्हणत, आधी कटअवे, मग रिझर्व्ह, आणि कोणत्या उंचीनंतर निर्णय लांबवायचा नाही, तेही तोंडाने म्हणायचे. अनुभवी परवानाधारकांसाठी ती उंची 1,800 फूट सांगितली जाते. यंत्राचे 750 फूट त्या उजळणीत आम्ही उच्चारतच नाही.

रिझर्व्ह लॅनयार्डबद्दलही थोडे. मुख्य छत्री तोडली की रिझर्व्ह आपोआप उघडणारी ही साधी पट्टी अनुभवी लोक ‘मला गरज नाही’ म्हणून काढून टाकतात आणि ‘सायप्रेस आहे की’ असे कारण देतात. दोन्हींची कामे वेगळी आहेत. कमी उंचीवर कटअवे केल्यावर यंत्राला पुन्हा 35 मीटरचा वेग गाठेपर्यंत काही सेकंद लागतात, आणि लॅनयार्ड ते सेकंद वाचवते. कॅमेरा किंवा विंगसूटसाठी ती काढण्याची कारणे असू शकतात; ती आपल्या रिगरशी (रिगची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाशी) बोलून ठरवावीत.

सेवेबद्दल. यंत्र पाठवायचे झाले तर अधिकृत विक्रेत्यामार्फतच पाठवावे. एका खासगी एजंटाने कटरमधील छोट्या स्फोटक भागाची कागदपत्रे नीट न दिल्याने माझे पार्सल बराच काळ अडकून राहिले होते. विमान प्रवासात रिग हातातील सामानात न्यावी आणि एक्स-रेमध्ये यंत्र कसे दिसते ते दाखवणारे कार्ड सोबत ठेवावे. उजळाईवाडीच्या विमानतळावर सुरक्षा कर्मचाऱ्यांनी ते शांतपणे पाहून घेतले होते.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी त्यावरील उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या पिढीतील यंत्रांचे आयुष्य साधारण बारा वर्षांचे आणि तपासणी दर चार वर्षांनी असे. नव्यांचे आयुष्य साडेपंधरा वर्षे असून तपासणीचा टप्पा पाच वर्षांचा आहे. लहान कॅनोपीवर वेगाने उतरणाऱ्यांनी ‘एक्स्पर्ट’ न घेता ‘स्पीड’ प्रकार घ्यावा, कारण जोरदार वळणात छत्रीखालीही 35 मीटरचा वेग ओलांडला जाऊ शकतो आणि ‘स्पीड’मध्ये ही मर्यादा 43 मीटर आहे. बाकी सर्वांसाठी ‘एक्स्पर्ट’ योग्य आहे, आणि माझ्या पुढच्या रिगमध्येही तेच असेल.