पाथ बदलणारी टूल्स, आठ महिन्यांनंतर: फाइल अजून तयारच नसेल तर डब्ल्यूएसएलपाथ अडतं

निमित्त रात्री चालणाऱ्या एका स्क्रिप्टचं. माहिती गोळा होते लिनक्सच्या बाजूला, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय), आणि शेवटच्या पायरीला विंडोजचा एक प्रोग्रॅम तिची पीडीएफ करतो. पीडीएफ कुठे ठेवायची तो पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, त्या प्रोग्रॅमला विंडोजच्या भाषेत सांगावा लागतो, म्हणून मध्ये डब्ल्यूएसएलपाथ -डब्ल्यू, लिनक्सचा पाथ विंडोजचा करून देणारी कमांड. हे महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललं. मग फाइलच्या नावात तारीख जोडली आणि त्याच रात्री पीडीएफ गायब. आधी रोज एकाच नावाची फाइल नव्यानं लिहिली जायची, म्हणजे ती आधीपासून तिथे असायची. तारखेमुळे नाव रोज नवं झालं आणि डब्ल्यूएसएलपाथने ‘अशी फाइल नाही’ असं सांगून हात वर केले.

या टूलबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे आणि ती मोठी आहे. पाथ बदलून घेण्याची गरज निम्म्या वेळा अजून जन्माला न आलेल्या फाइलसाठीच असते. आउटपुट, लॉग, बॅकअप, सगळं त्यातच येतं. वापरात आलेल्या आवृत्त्यांत विंडोजकडून लिनक्सकडे (-यू) नेताना ही अट आड आली नाही. -डब्ल्यू आणि -एम (विंडोजचाच पाथ, पण सरळ स्लॅशने) यांनी मात्र फाइल नसल्यावर प्रत्येक वेळी अडवलं. सोबत -ए (पूर्ण पाथ मागणारा पर्याय) दिल्यानेही फरक पडला नाही.

याहून वाईट म्हणजे ही चूक गुपचूप होते. डब्ल्यूएसएलपाथ थेट दुसऱ्या कमांडच्या कंसात लिहिलं असेल तर त्याचं अपयश बॅशला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला, दिसतच नाही. विंडोजच्या प्रोग्रॅमला रिकामा पाथ मिळतो आणि तो फाइल स्वतःच्या मनाने कुठेतरी टाकतो किंवा चुकीचंच काहीतरी कारण दाखवून बंद पडतो. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ (चूक झाली की थांब) असलं तरी ती थांबत नाही. म्हणून पाथ आधी वेगळ्या ओळीवर व्हेरिएबलमध्ये घ्यायचा. तिथे अपयश आलं तर ‘सेट -ई’ खरंच थांबवतं. फक्त फंक्शनच्या आत ‘लोकल’ आणि किंमत एकाच ओळीवर लिहू नका. तिथे ‘लोकल’चं यश आतलं अपयश झाकून टाकतं. आधी ‘लोकल’ने नाव जाहीर करा, किंमत पुढच्या ओळीवर द्या.

मूळ अडचणीवर सगळे पहिला उपाय सुचवतात तो टच कमांडने रिकामी फाइल आधीच करून ठेवण्याचा. तो करू नका. विंडोजचा प्रोग्रॅम नंतर कोसळला तर 0 बाइटची फाइल मागे उरते आणि पुढची पायरी ‘फाइल आहे’ एवढंच बघून ती मेलने पाठवून मोकळी होते. टिकलेला उपाय असा: डिरनेमने फोल्डर वेगळं काढायचं, एमकेडिर -पी ने ते नक्की अस्तित्वात आणायचं, पाथ फक्त त्या फोल्डरचा बदलून घ्यायचा, आणि शेवटी स्लॅश देऊन बेसनेमने काढलेलं नाव जोडायचं. यासाठी -डब्ल्यू ऐवजी -एम वापरा. त्यातून ‘सी:/कामे/अहवाल’ असा सरळ स्लॅशचा पाथ मिळतो. विंडोजचे बहुतेक प्रोग्रॅम तो मुकाट्याने घेतात आणि बॅशमध्ये बॅकस्लॅश सांभाळत बसावं लागत नाही. अपवाद सीएमडीच्या, म्हणजे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या, जुन्या अंगभूत कमांडचा. त्या सरळ स्लॅशला पर्यायाची खूण समजतात, त्यांना -डब्ल्यूच द्यावा लागतो.

(कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना रोमनमध्येच करायचे.)

बॅकस्लॅशची दुसरी मारामारी उलट्या दिशेला आहे. विंडोजमधून कॉपी केलेला ‘सी:\कामे\अहवाल’ कोट न लावता डब्ल्यूएसएलपाथला दिला, तर टूलपर्यंत पोहोचतो तो ‘सी:कामेअहवाल’. बॅशने मधले बॅकस्लॅश आधीच गिळलेले असतात. सिंगल कोट लावला की प्रश्न मिटतो. डबल कोट बहुतेकदा चालतो, पण पाथ बॅकस्लॅशवर संपत असेल तर तो शेवटचा बॅकस्लॅश बंद होणारा कोटच खाऊन टाकतो.

सीएमडीकडून व्हेरिएबल मागवून त्याचा पाथ बदलत असाल, उदाहरणार्थ यूजरप्रोफाइल, तर उत्तराच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीच्या शेवटचं चिन्ह) चिकटून येतं. पडद्यावर पाथ अगदी बरोबर दिसतो आणि तरी फाइल सापडत नाही. शंका आली की उत्तर ‘कॅट -ए’ (ए कॅपिटल) मधून बघा, शेवटी टोपीची खूण आणि एम दिसेल. ‘टीआर -डी’ने ते आधी उडवायचं आणि मगच पाथ बदलायचा. सीएमडी लिनक्सच्या होम फोल्डरमधून चालवलं तर ‘यूएनसी पाथ (दोन बॅकस्लॅशने सुरू होणारे) चालत नाहीत’ असा इशाराही येतो. तो वेगळ्या वाटेने येतो, उत्तरात मिसळत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सीडी करून /एमएनटी/सी मध्ये गेलं की तोही बंद.

सिगपाथ, म्हणजे विंडोजवर लिनक्ससारखी टूल्स देणाऱ्या सिगविनमधलं पाथ बदलणारं टूल, डब्ल्यूएसएलपाथच्या तुलनेत म्हातारं आहे आणि या कामात सरस आहे. सिगविनचं काम 1995 पासूनचं, डब्ल्यूएसएलपाथ 2018 साली विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीबरोबर आलं. सिगपाथला फाइल असण्यानसण्याशी देणंघेणं नाही. ते माउंटचा तक्ता (कोणता ड्राइव्ह कुठे जोडला आहे त्याची यादी) बघून पाथ बदलून देतं. एका हाकेत कितीही पाथ घेतं, -एफ देऊन यादी फाइलमधून वाचतं, आणि -पी दिलं की पाथची अख्खी यादी, म्हणजे विंडोजची अर्धविरामाने तोडलेली आणि लिनक्सची कोलनने जोडलेली, एका झटक्यात उलटीसुलटी करतं. शेअरचा पाथ, ‘\\सर्व्हर\शेअर’, दिला तरी ‘//सर्व्हर/शेअर’ करून देतं. गिट फॉर विंडोज (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं विंडोज रूप, गिट बॅश हे शेल त्यातच येतं) घेतलं असेल तर सिगपाथ त्यातच फुकट आलेलं असतं, वेगळं काही बसवायला नको. स्लॅश उलटे करून देण्याचे पैसे मागणारी छोटी ॲप्स दिसतात, त्यांवर एक रुपयाही घालवू नका. सी ड्राइव्ह तुमच्या यंत्रावर कुठे माउंट झाला आहे हे त्यांना कळतच नाही, आणि पाथ बदलण्यातलं खरं काम तेच आहे. तोच सी ड्राइव्ह डब्ल्यूएसएलमध्ये /एमएनटी/सी असतो, सिगविनमध्ये /सिगड्राइव्ह/सी आणि गिट बॅशमध्ये नुसता /सी. त्यात कोणी डब्ल्यूएसएल.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ऑटोमाउंटचा रूट बदलून ठेवला असेल तर /एमएनटी गृहीत धरणारी प्रत्येक सेड (मजकुरात अदलाबदल करणारी) कमांड तिथे तोंडघशी पडते.

डब्ल्यूएसएलपाथ एका वेळी एकच पाथ घेतं, त्यामुळे हजारो फाइलींच्या यादीवर लूप लावला की दर ओळीला नवी प्रोसेस आणि ताटकळणं. उपाय सोपा आहे: ‘सी:\’ चा पाथ सुरुवातीला एकदाच विचारून ठेवायचा आणि उरलेला भाग बॅशच्याच अक्षरबदलाने जोडायचा. तक्ता एकदा विचारला की पुरे.

आता मत बदलल्याची गोष्ट. पहिल्या दोन महिन्यांत गिट बॅशबद्दलचं मत स्वच्छ वाईट होतं. तिथे पाथ बदलायला कोणी सांगावं लागत नाही. विंडोजच्या प्रोग्रॅमला दिलेला, स्लॅशने सुरू होणारा प्रत्येक शब्द ते आपणहून बदलतं. एडीबीला (अँड्रॉइड फोनशी बोलणारं टूल) ‘/एसडीकार्ड/’ द्या, ते ‘सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/एसडीकार्ड/’ होतं. ओपनएसएसएल या प्रमाणपत्रं बनवणाऱ्या टूलचा -सब्ज पर्याय, ज्यात देश आणि राज्य स्लॅशने जोडून लिहितात, तोही त्याला पाथच वाटतो. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या टूलच्या -व्ही मध्ये, म्हणजे फोल्डर जोडण्याच्या पर्यायात, ‘/सी/कामे:/डेटा’ दिलं तर ती पाथची यादी समजून कोलनचा अर्धविराम होतो आणि नावाच्या शेवटी ‘;सी’ लागलेलं विचित्र फोल्डर तयार होतं. तेव्हा जो सल्ला सगळ्यांना दिला तो ‘एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=1’ ही ओळ कायमची बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं ती फाइल) टाकण्याचा.

तो सल्ला मागे घेतो. ती ओळ टाकली की ‘/सी/कामे/’ मधली स्क्रिप्ट विंडोजच्या पायथनला सापडत नाही, कारण विंडोजला /सी म्हणजे काय ते माहीतच नाही. रोजची शंभर कामं आपोआपच्या बदलावर चालत होती हे तो बदल बंद केल्यावर कळलं. आता ते व्हेरिएबल फक्त त्या एका कमांडच्या आधी, त्याच ओळीवर लिहायचं. गिट बॅश ज्यावर उभं आहे त्या मूळ एमएसवायएस2 मध्ये त्याऐवजी ‘एमएसवायएस2_आर्ग_कॉन्व्ह_एक्सल’ लागतं. त्यात तारा (*) दिला की सगळं बंद होतं, नाहीतर अर्धविरामाने तोडून हव्या त्या सुरुवाती देता येतात, म्हणजे फक्त एडीबीपुरतं ‘/एसडीकार्ड’ वगळता येतं. आणि ‘सीएमडी /सी’ सारख्या एकट्या पर्यायाला दोन स्लॅश द्या, ‘//सी’, पुढे जाताना त्यातला एक गळतो. एवढं माहीत असलं तर गिट बॅशचा आपोआप बदल तिन्हींत सगळ्यात कमी कटकटीचा आहे.

पायथनच्या पाथलिब या पाथ हाताळणाऱ्या लायब्ररीकडून जादूची अपेक्षा ठेवू नका. प्युअरविंडोजपाथवर ॲज_पॉझिक्स चालवलं तर फक्त स्लॅश बदलतात, ‘सी:’ तसाच राहतो. पण विंडोजचा पाथ लिनक्सवर तोडून फाइलचं नाव काढायचं असेल तर हाच वर्ग हवा. साधा पाथ वर्ग तिथे बॅकस्लॅशला नावातलं अक्षर समजतो आणि सगळी ओळ एकाच फाइलचं नाव म्हणून परत देतो.

मनापासून आवडलं ते डब्ल्यूएसएलएन्व्ह, म्हणजे डब्ल्यूएसएल आणि विंडोज यांच्यात कोणती व्हेरिएबल न्यायची ते सांगणारं व्हेरिएबल. त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ‘अहवाल_फोल्डर’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिनक्सचा पाथ ठेवायचा आणि डब्ल्यूएसएलएन्व्हमध्ये ‘अहवाल_फोल्डर/पी’ लिहायचं. विंडोजचा प्रोग्रॅम सुरू झाला की त्याला तेच व्हेरिएबल विंडोजच्या पाथसह मिळतं. /पी एका पाथसाठी, /एल पाथच्या यादीसाठी, आणि अनेक व्हेरिएबल असतील तर मध्ये कोलन. स्क्रिप्टमधले कितीतरी कंस आणि कोट यामुळे गेले. आधीपासून असलेल्या फोल्डरसाठी आता हाच रस्ता, आणि फाइलचं नाव पलीकडच्या प्रोग्रॅमने जोडावं.

नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह डब्ल्यूएसएलमध्ये आपोआप येत नाही, त्यामुळे त्याचा पाथ बदलतही नाही. /एमएनटी/झेड हे रिकामं फोल्डर करून ‘माउंट -टी डीआरव्हीएफएस’ने सुडोखाली (प्रशासकाच्या अधिकाराने) तो जोडला की काम सुरळीत.

पाथ बरोबर बदलूनही फाइल हाती लागत नाही असा प्रकार मराठी नावं ठेवणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो. विंडोजमध्ये एका नावाची मर्यादा 255 एककं आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक धरलं जातं. लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल-पद्धतीत मर्यादा 255 बाइटची, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ एवढ्याच शब्दाला 10 चिन्हं, म्हणजे 30 बाइट. पीडीएफचं शेपूट सोडून उरतात 83 चिन्हं. परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलच्या नावात भरण्याची सवय असेल तर विंडोजवर उघडणारी झिप लिनक्सवर ‘नाव फार लांब’ म्हणून अडते.

दुसरा प्रकार ऱ चा. ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-पद्धत नावं फोडून साठवते. 2017 मध्ये मॅकवर एपीएफएस आलं, ते दिलेलं रूप तसंच ठेवतं आणि दोन्ही रूपं एकच मानतं. पण जुने बाहेरचे ड्राइव्ह अजून एचएफएस प्लसचेच असतात. अशा ड्राइव्हवरून लिनक्सला आलेल्या नावात ‘दुसऱ्या’ 7 ऐवजी 8 चिन्हांचा असू शकतो. विंडोज आणि लिनक्स ही दोन रूपं वेगळी मानतात, म्हणून एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना हुबेहूब दिसणाऱ्या दोन फाइली उभ्या राहतात आणि स्क्रिप्टमध्ये टाइप केलेलं नाव त्यांतल्या एकीलाच लागू पडतं. पाथ बदलणारं कोणतंही टूल इथे कामाचं नाही. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही हे फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं टूल घ्या, -एफ आणि -टी दोन्हींना यूटीएफ8, सोबत --एनएफसी (एकसंध रूप) आणि -आर (आतल्या फोल्डरांसह). असं चालवल्यावर ते काय बदलणार तेवढंच दाखवतं. यादी नीट वाचून, जिथे दोन्ही रूपांच्या फाइली शेजारी आहेत तिथे एक बाजूला काढून, मगच --नोटेस्ट जोडून पुन्हा चालवा.