खानदेशच्या उन्हाळ्यात आरएक्स ६६०० : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

जीटीएक्स १०५० टीआय काढून दिवाळीत रेडिऑन आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड बसवलं. थंडी, जळगावचा मे महिना आणि पहिला पाऊस या सगळ्यात गेम चालवून झाले. बाकी मशीन जुनंच आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर.

कार्ड घेताना सगळे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) बघतात. आपल्याकडे आधी वॅट बघावेत. ६६०० ला १३२ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. वरचे ३८ वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पडतात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात असताना हा फरक जाणवतो. शिवाय ६६०० ला ८ पिनची एकच केबल लागते, त्यामुळे चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर वाचा: ३० असतील तर १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॅट. १८-२० असतील तर आधी एसएमपीएस बदला. मोलेक्सवरून (हार्डडिस्कच्या जुन्या ४ पिनी जोडावरून) ८ पिन काढणारा कन्व्हर्टर तर अजिबात लावू नका, त्याच्या पिना तापून प्लास्टिक वितळतं.

हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे बोर्डवरच्या कार्डाच्या स्लॉटच्या, ८ लेनच (डेटाच्या वाटा) वापरतं. कार्ड पीसीआयई ४.० चं आहे आणि बी४५० वर जुनं, कमी वेगाचं ३.० मिळतं, तरी नुकसान थोडंच होतं. आरएक्स ६५०० एक्सटीला मात्र ४ च लेन आणि ४ जीबी मेमरी आहे. मेमरी भरली की जुन्या बोर्डवर ते अडखळायला लागतं. स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

बसवण्याआधी इंटरनेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुने ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाचा ड्रायव्हर साफ करा. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, बोर्डच्या एचडीएमआयवर स्क्रीन काळीच राहील. मग बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० च्या वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हवी. रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बायोसमध्येच अबव्ह ४जी डिकोडिंग चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करणारी सोय) बंद लागतं. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. म्हणून आधी बॅकअप घ्या, विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदला आणि मगच सीएसएमला हात लावा.

गेमचं थोडक्यात. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ मध्ये कार्ड कमी पडत नाही, तिथे प्रोसेसरच आधी दमतो. सायबरपंक हाय सेटिंगवर ६० च्या आसपास राहतो, गर्दीच्या बाजारात खाली येतो. रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं जड सेटिंग) नाद सोडा.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. खोलीतला पाण्याचा कूलर बंद असताना, ३८ अंशांच्या खोलीत कोअर (कार्डाच्या चिपचं तापमान) ८० च्या जवळ आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) ९५ पर्यंत जायचा. हॉटस्पॉटची मर्यादा ११० आहे, म्हणजे कार्डाला धोका नव्हता, पण पंख्याचा आवाज डोकं उठवतो. उपाय एएमडीच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या अॅड्रेनलिनमध्येच आहे: परफॉर्मन्स, ट्यूनिंग, कस्टम. व्होल्टेज ११५० मिलिव्होल्टवरून २५-२५ ने खाली आणायचं, प्रत्येक वेळी जड गेम अर्धा तास चालवायचा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ड्रायव्हर टाइमआउटचा निरोप आला की २५ वर चढायचं. इथे १०५० मिलिव्होल्टवर स्थिर बसलं, तुमचं वेगळं असू शकतं. सोबत एफपीएस ७२ वर बांधले, कारण ७५ हर्ट्झच्या स्क्रीनवर त्यापुढचे दिसतच नाहीत. हॉटस्पॉट ८० ते ८४ वर आला आणि खेळताना फरक काही कळत नाही. कूलरची हवा खोलीत खेळू द्या, पण झोत सरळ कॅबिनेटवर नको, त्यात पाण्याचे शिंतोडे असतात.

कपाशीच्या हंगामाचं वेगळंच. वेचणी आणि जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू उडतात. ते पंख्याखालच्या पत्र्यांवर बसतात, वर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि नमद्यासारखा थर जमतो. वरून कार्ड स्वच्छच दिसतं. बॅटरी मारून पात्यांच्या फटीतून बघा. दसरा ते संक्रांत दर महिन्याला ब्लोअर मारावा, तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

विजेचं शेवटचं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मशीन आणि मॉनिटर मिळून गेममध्ये अडीचशेच्या पुढे जातात. नव्या बॅटरीवर निभतं, पण वर्ष-दीड वर्ष जुन्या बॅटरीवर लाइट गेली की यूपीएस ओरडून तिथल्या तिथे बंद पडतो. शेतीच्या फीडरवर घर असेल तर १००० व्हीएचाच घ्या.

गोलाणी मार्केटमध्ये किंवा ओळखीतून जुनं कार्ड घेत असाल तर तिथेच वीस मिनिटं लोड देऊन बघा. कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये २५ अंशांहून जास्त फरक पडला तर चिपवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळलेली असण्याची शक्यता मोठी, ती बदलायचा खर्च धरूनच भाव करा.