चौकटीतली सन रेकॉर्ड्‌सची तबकडी
अमेरिकेतल्या मेम्फिसची ध्वनिमुद्रण कंपनी सन रेकॉर्ड्‌सने जुलै १९५४ मध्ये २०९ या क्रमांकाने काढलेल्या गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) पुनर्मुद्रित प्रत मी चौकटीसह मागवली आणि पिवळ्या लेबलावरचा कोंबडा व त्यामागची सूर्यकिरणे पाहून मन भरून आले. ही मूळ प्रत नाही, असे विक्रेत्याने आधीच स्पष्ट लिहिले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तबकडी डिंकाने न चिकटवता मधल्या मोठ्या छिद्रात बसणाऱ्या खुंटीवर अडकवली आहे, त्यामुळे ती काढून वाजवताही येते. काच मात्र साधीच आहे. उन्हाच्या तापाने तबकडीचे व्हिनाइल (प्लास्टिक) वाकते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी लेबलाचा रंग उडतो; निदान रंग टिकावा म्हणून अतिनील किरण अडवणारी काच द्यायलाच हवी होती. तूर्त ही चौकट मी ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावली आहे.